इंग्रजी चांदीवरील ठसे आणि मावळातील ऐतिहासिक वस्तूंची कालनिश्चिती

प्रस्तावना

सोमाटणे, तळेगाव दाभाडे आणि वडगाव हा मावळातील पट्टा पहिल्या इंग्रज-मराठा युद्धामुळे इतिहासात नोंदला गेला. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगावास पोहोचली आणि सोमाटण्याच्या अलीकडेच तिची आगेकूच थांबली. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून व साठा जाळून तिने माघार घेतली. पुढे वडगावी वेढली गेल्यावर तिला तह करावा लागला. अशा परिसरात एखादे इंग्रजी चांदीचे भांडे 'वडगावच्या लढाईतील' म्हणून पुढे आल्यास ते कसे पारखावे, याचे विवेचन प्रस्तुत निबंधात केले आहे.

ठशांचे स्वरूप

इंग्लंडमध्ये चांदीचा कस तपासून ठसा मारण्याची पद्धत इ.स. १३०० च्या कायद्यापासून सुरू झाली. कारागिराचे चिन्ह १३६३ पासून, वर्षदर्शक अक्षर १४७८ पासून, तर चालत्या सिंहाचे चिन्ह १५४४ पासून आढळते. हा सिंह हजारात ९२५ भाग शुद्ध चांदीची ग्वाही देतो. बिबट्याचे मस्तक लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा, तर मुकुट १९७४ पर्यंत शेफील्डचा होता. शेवटची दोन परीक्षण केंद्रे १७७३ मध्ये स्थापन झाली. डिसेंबर १७८४ पासून कर भरल्याची खूण म्हणून राजाचे मस्तक उमटविले जाऊ लागले व ही प्रथा १८९० पर्यंत चालली.

कसोटीचे उपयोजन

यावरून १७७९ पूर्वीच्या लंडनच्या वस्तूचे लक्षण निश्चित करता येते. सिंहाचे मुख पाहणाऱ्याकडे वळलेले आणि बिबट्याच्या मस्तकी मुकुट असला पाहिजे. ही दोन्ही वैशिष्ट्ये १८२१ च्या सुमारास लुप्त झाली. राजाचे मस्तक आढळल्यास वस्तू १७८४ नंतरची ठरते व लढाईशी तिचा संबंध संपतो. मात्र केवळ ते नसणे हा पुरावा नव्हे, कारण १८९० नंतरच्या वस्तूंवरही ते नसते.

वर्षाक्षर याहून सूक्ष्म साक्ष देते. लंडनमध्ये १७७६ पासून लहान रोमन अक्षरांचे नवे चक्र सुरू झाले. वर्ष मे महिन्याच्या अखेरीस बदलत असल्याने 'सी' हे अक्षर मे १७७८ ते मे १७७९ या काळाचे आहे. जहाजप्रवासास कित्येक महिने लागत, हे लक्षात घेता 'सी' अक्षराची वस्तू त्या फौजेबरोबर असणे अत्यंत संशयास्पद ठरते. 'डी' वा त्यापुढील अक्षराची तर अशक्यच.

विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे तंत्र १८४० नंतर व्यापारात आले. अशा भांड्यांवरील 'ई.पी.एन.एस.' ही अक्षरे सकृद्दर्शनी ठशांसारखी दिसत असली, तरी ती मुलाम्याची कबुली देतात. हिंदुस्थानात युरोपीय पद्धतीची भांडी घडविणाऱ्या पेढ्यांचे ठसेही इंग्रजी ठशांचा आभास निर्माण करतात. परंतु त्यांमागे सरकारी परीक्षण नव्हते. येथील कारागीर अनेकदा रुपये वितळवून काम करीत. १८३५ च्या कंपनी रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग, म्हणजे हजारात सुमारे ९१७ भाग चांदी होती. त्यामुळे क्ष-किरणांद्वारे, वस्तूस इजा न करता केलेली कसाची तपासणी उपयुक्त ठरते.

मर्यादा

ठसेही फसवू शकतात. छोट्या अस्सल वस्तूवरील ठशांचा तुकडा कापून मोठ्या भांड्यात बसविल्याची उदाहरणे ज्ञात आहेत. ठशांवर तोंडाची वाफ सोडल्यास सांध्याची रेषा पुष्कळदा उमटते. शिवाय अस्सल ठसा केवळ निर्मितीचा काळ सांगतो, आगमनाचा नव्हे. पुण्यात १७८६ मध्ये इंग्रज वकिलात आली, १८१८ नंतर छावणी वसली आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला. १७७५ चे भांडे यांपैकी कोणत्याही मार्गाने मावळात पोहोचू शकते.

निष्कर्ष

ठशांच्या आधारे चुकीचा दावा निश्चितपणे फेटाळता येतो. खरा दावा सिद्ध करण्यास मात्र दप्तरातील नोंद, खरेदीपत्र वा वारसाहक्काचा कागद आवश्यक असतो. स्थानिक संग्रहांची नोंद करताना महाविद्यालयांनी वस्तूबरोबर प्रत्येक ठशाचे छायाचित्र, वजन व कस नोंदवावा आणि कौटुंबिक परंपरा स्वतंत्र रकान्यात लिहावी. परंपरा व पुरावा यांची सरमिसळ टाळल्यास वडगावच्या विजयाचे महत्त्व कमी होत नाही. उलट त्याचा इतिहास अधिक विश्वसनीय होतो.