इंग्रजी कितव्या इयत्तेपासून?

माथेरानच्या डोंगरावर इंग्रजी भाषा प्रथम आली ती शाळेतून नव्हे, ठिकाणांच्या नावांतून. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 च्या मे महिन्यात चौक गावाहून हा डोंगर चढून गेले. पुढे थोड्याच वर्षांत साहेबलोकांचे बंगले उठले आणि कड्यांना नावे पडली : पॅनोरमा, लुईझा, अलेक्झांडर, एको, पॉर्क्युपाइन. शेजारी रामबाग, चौक, गारबट ही आपली नावेही टिकून राहिली. घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे ह्या मंडळींनी परके शब्द कानाने उचलले, तोंडात घोळवून घोळवून आपलेसे केले आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरती इंग्रजी खुशाल चालविली. त्यांना व्याकरण कोणी शिकविले नाही, की चुकल्याबद्दल छडीही कोणी मारली नाही. आमच्या शाळांतील इंग्रजीचा इतिहास ह्याहून अगदी निराळा आहे.

मॅलेटसाहेब डोंगर चढत होते त्याच सुमारास खाली मुंबईत भाषेचा मोठा वाद माजला होता. 1840 मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष अर्स्किन पेरी हे इंग्रजीचे कैवारी होते. उलट कर्नल जर्व्हिस आणि आपले जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषेतून ज्ञान द्यावे, अशा मताचे होते. वादातून निघाली ती तडजोड : तळाचे शिक्षण देशी भाषेत, वरचे इंग्रजीत. 1854 च्या वुडच्या खलित्याने तिच्यावरच शिक्कामोर्तब केले. वाचताना ही व्यवस्था समंजस वाटते. प्रत्यक्षात मात्र तिने एकाच घराला दोन जिने बांधले. मराठी चौथीनंतर ज्याला ऐपत आणि सोय होती तो इंग्रजी पहिलीत जाई आणि सात यत्ता चढून मॅट्रिक होई. बाकीचे मराठी सातवीपर्यंत जात व व्हर्नाक्युलर फायनल देत. पहिल्या जिन्याच्या माथ्यावर कॉलेज, कचेरी, वकिली. दुसऱ्याच्या माथ्यावर फार तर प्राथमिक शिक्षकाची वा तलाठ्याची जागा.

हुतात्मा भाई कोतवाल ह्यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. 1912 साली माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्राथमिक शिक्षण गावी झाले. पुढे शिकायचे तर डोंगर सोडणे भाग होते, म्हणून ते पुण्यास गेले. व्हर्नाक्युलर फायनल झाले, तेथे न थांबता इंग्रजी शिकले आणि शेवटी वकील झाले. दोन्ही जिने चढलेला हा माणूस परत आला तो माथेरान नगरपालिकेत आणि कर्जत भागातील शेतकऱ्यांत. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढण्याची खटपट त्यांनी केली, धान्यकोठ्या उभारल्या, आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर गोळी झेलली. त्यांचे कर्तृत्व थोरच. पण एका गावातला एखादाच असा मुलगा वर चढू शकतो, ही गोष्ट त्या गावाच्या शिक्षणव्यवस्थेविषयी काही चांगले सांगत नाही.

ह्या इंग्रजीची शिकवण्याची तऱ्हाही पाहावी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे. इंग्रजी घ्यावे, त्याचे मराठी करावे. ह्या पद्धतीची थट्टा करणे आज सोपे आहे. पण तिच्यात एक शहाणपण होते : मुलाला येणाऱ्या भाषेवर पाय ठेवून ती त्याला न येणाऱ्या भाषेकडे नेत असे. उणीव होती ती कानाची आणि तोंडाची. ‘ए’, ‘अॅन’, ‘द’ ह्यांचे नियम मुखोद्गत असणारा विद्यार्थी साहेबापुढे उभा राहिला की गप्प होई. आणि माथेरानचा घोडेवाला, ज्याला ते नियम ठाऊकच नव्हते, तो बोलून मोकळा होई.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या कारकीर्दीत इंग्रजी आठवीपर्यंत मागे सरकविण्यात आली. हेतू स्वच्छ होता. लहान मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरावे, मातृभाषा बळकट व्हावी. परंतु कॉलेज आणि वरच्या नोकऱ्या इंग्रजीतच राहिल्या, तेव्हा पालक इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे पाहू लागले. ती वाट अडविण्यासाठी सरकारने 6 जानेवारी 1954 रोजी हुकूम काढला : अँग्लो-इंडियन आणि अशियाबाहेरील वंशाचे नागरिक सोडून इतर मुलांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गात घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कुलाचे प्रकरण ह्यातूनच उद्भवले. मुंबई हायकोर्टाने हुकूम रद्द ठरविला आणि 26 मे 1954 रोजी सुप्रीम कोर्टाने तोच निर्णय कायम केला. आम्हांस ह्या खटल्यातील एक गोष्ट बोचते. दार उघडले ते ज्यांना दारापर्यंत जाता येत होते त्यांच्यासाठी. कर्जत-खालापूरच्या वाडीतील मुलाला त्या दाराचा पत्ताही नव्हता.

पुढे इंग्रजी पाचवीपर्यंत खाली आली, आणि 2000 साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे ह्यांनी ती थेट पहिलीपासून आणली. बहुजनांच्या मुलांना इंग्रजीपासून दूर ठेवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. आमच्या मते त्यांच्या म्हणण्यात न्याय होता; तोकडी होती ती तयारी. ज्या गुरुजींनी स्वतः जन्मात इंग्रजी संभाषण केले नव्हते त्यांच्या हाती पहिलीचे इंग्रजी पुस्तक देण्यात आले.

म्हणजे पाहा : आठवी, पाचवी, पहिली. अर्धे शतक आपण इयत्तेवर भांडलो. मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या तोंडी कोणती भाषा असते, ही चौकशी मात्र फारशी केली नाही.

माथेरानच्या उतारावर आणि पायथ्याला ठाकर व कातकरी ह्यांच्या वाड्या आहेत. ह्या समाजांच्या स्वतःच्या बोली आहेत. त्या मराठीच्या नात्यातल्या खऱ्या, पण क्रमिक पुस्तकातील मराठी त्या घरांत बोलली जात नाही. ह्याच भागातील आगरी मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते आणि ‘डोळा’ला ‘डोला’. वर्गात ते चूक ठरते. वाडीवरच्या मुलाचे तर पुष्कळसे बोलणेच चूक ठरते, आणि असे मूल लवकरच मुके होते. गुरुजी त्याला मंद समजतात. 2000 नंतर ह्या मुलापुढे शाळेच्या पहिल्याच दिवशी दोन परक्या भाषा एकदम उभ्या राहिल्या, एक पुस्तकी मराठी आणि दुसरी इंग्रजी. तर्खडकरांच्या विद्यार्थ्याला पाय ठेवायला निदान आपली मराठी होती. ह्याला पायाखाली काय?

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे कलम आहे. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही घरच्या भाषेचा आग्रह आहे. पण घरची भाषा म्हणजे राज्याची भाषा, असा सोयीस्कर अर्थ आपण लावतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी 1945 पासून बोर्डीस आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात वारली मुलांच्या अंगणात शाळा गेली, गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात गेली, आणि खडे, पाने, शिंपले हीच तिची साधने झाली. ते आमच्याच कोकणपट्टीत घडले, तरी सर्वत्र पसरले नाही. वाडीची बोली जाणणारा शिक्षक पहिली दोन वर्षे वर्गात असावा, गोष्टी-गाणी आधी त्या बोलीत व्हावीत, मग मराठी वाचन पक्के व्हावे, आणि इंग्रजी आरंभी केवळ कानाने व तोंडाने यावी, घोडेवाल्याला आली तशी. ह्यासाठी फार द्रव्य लागते असे नाही. वाडीतल्याच शिकलेल्या मुलामुलींना शिक्षक करण्याची तयारी लागते.

आणखी एक अडचण पंचांगाची आहे. भातकापणी आटोपली की पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळा जूनमध्ये उघडते. म्हणजे मूल वर्गात बसते ते जेमतेम दिवाळीपर्यंत, आणि पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग भट्टीच्या धुरात जातो. पुढच्या जूनमध्ये ते वरच्या इयत्तेत बसलेले असते, आणि त्याच्यापुढे इंग्रजीचे नवे पुस्तक ठेवलेले असते.