टिबेलस : पुण्याच्या टेकड्यांची नावे मिरविणारा कोळी

पुणे, प्रतिनिधी : गवताच्या पात्याला अंग चिकटवून निश्चल पडून राहिलेला टिबेलस कोळी सहजासहजी दृष्टीस पडत नाही. पायांच्या पुढच्या दोन जोड्या समोर, शेवटची जोडी मागे ताणलेली आणि आखूड तिसऱ्या जोडीने पाते धरलेले, अशी त्याची बैठक असते. लांबट, पिवळसर अंगावर मधोमध तपकिरी पट्टा असल्याने तो वाळलेल्या काडीसारखाच भासतो.

टिबेलस हे एका जातीचे नव्हे, तर निकटच्या अनेक जातींच्या गटाचे, म्हणजेच प्रजातीचे नाव आहे. फ्रेंच कोळीतज्ज्ञ युजीन सिमाँ यांनी १८७५ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. तिच्यात जगभरातील पन्नासच्या आसपास जाती मोडतात. त्यांपैकी टिबेलस ऑब्लाँगस ही जाती युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत आढळते.

खेकडा कोळ्यांच्या थोमिसिडी कुलातच पूर्वी या प्रजातीची गणना होत असे. मात्र खऱ्या खेकडा कोळ्यांचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा बरेच मोठे असतात, तर टिबेलसच्या कुळातील कोळ्यांच्या पायांत तेवढा फरक नसतो आणि ते चपळ धावतात. म्हणून फिलोड्रोमिडी हे स्वतंत्र कुल मानले जाते. भक्ष्यासाठी हे कोळी जाळे विणत नाहीत; दबा धरून कीटकांवर झडप घालतात. मादी अंड्यांच्या कोशाजवळ राहून त्याची राखण करते.

या प्रजातीशी पुण्याचे नाते विशेष आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे शास्त्रज्ञ आणि पुढे संचालक झालेले डॉ. बी. के. टिकादार यांनी १९६२ मध्ये टिबेलस पूनाएन्सिस, चतुरशिंगी आणि कात्रजघाटस, तर १९८० मध्ये पाषाणेन्सिस या जातींचे वर्णन केले. पुणे, चतुःशृंगी, कात्रज घाट आणि पाषाण ही परिचित ठिकाणे अशी जागतिक कोळीशास्त्रात नोंदली गेली. शहराचे 'पूना' हे जुने नावही नामकरणाच्या नियमांमुळे तेथे कायम राहिले.

या कोळ्यांचा आसरा म्हणजे उंच गवत. उन्हाळ्यातील वणवे, टेकड्यांवर चढणारी बांधकामे आणि गवताळ उतारांवर सरसकट केलेली गिरिपुष्पासारख्या झाडांची लागवड यांमुळे हे गवत आक्रसत आहे. माळ म्हणजे ओसाड जागा, हा समज यामागे आहे. टेकड्या हिरव्या करताना काही उतार गवतासाठी राखले नाहीत, तर ही नावे केवळ ग्रंथांतच उरतील.