भूमिगत उष्णतावाहक नळांचा इतिहास : भट्टीपासून घरापर्यंतच्या वाटेचा अभ्यास

प्रस्तावना

थंड हवामानाच्या देशांत घर उबदार ठेवणे ही चैन नसून जगण्याची गरज आहे. भट्टी घरात ठेवली की धूर, राख आणि आगीची भीती घरातच राहते. ती बाहेर नेली की निर्माण झालेली उष्णता घरापर्यंत आणायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. जमिनीखालून नेलेले आवरणयुक्त नळ हे या प्रश्नाचे उत्तर होय. तंत्रज्ञानाच्या इतिहासात भट्टी व बाष्पक यांची जेवढी दखल घेतली गेली, तेवढी या नळांची घेतली गेली नाही. वस्तुतः उष्णता निर्माण करणे त्या मानाने सोपे होते. ती वाटेत राखणे कठीण होते. या वाटेवरचा मुख्य शत्रू थंडी नसून ओलावा होता, हे ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभीचे प्रयोग

फ्रान्समधील शोद-एग या गावी सुमारे ८२ अंश सेल्सिअस तापमानाचे नैसर्गिक झरे आहेत. त्यांचे पाणी लाकडी नळांवाटे घरोघरी पोहोचविण्याची व्यवस्था तेथे चौदाव्या शतकातच झाली होती. मात्र व्यापारी तत्त्वावरील आधुनिक उष्णतापुरवठ्याचा प्रारंभ अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट या गावी झाला. पाणीपुरवठा यंत्रणेतील कामासाठी ख्याती पावलेले अभियंते बर्डसिल हॉली यांनी प्रथम स्वतःच्या घरच्या बाष्पकापासून जमिनीखालून नळ नेऊन प्रयोग केले आणि १८७७ मध्ये एका केंद्रातून अनेक इमारतींना वाफ पुरविण्यास सुरुवात केली.

हॉली यांचे वैशिष्ट्य बाष्पकात नव्हते. नळाभोवती उष्णतारोधक वेष्टन, त्यावर लाकडी आच्छादन, तापल्यावर लांबणाऱ्या नळासाठी प्रसरण-सांधे आणि वाटेत साचणारे पाणी काढून टाकणारे सापळे या बाबींकडे त्यांनी दिलेले लक्ष अधिक महत्त्वाचे ठरते. केंद्रीय पुरवठा यशस्वी होणे या वाटेतील योजनेवर अवलंबून होते.

वाफेचे युग आणि त्याच्या मर्यादा

१८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील मॅनहटन भागात रस्त्यांखालून वाफपुरवठा सुरू झाला. इमारतीगणिक चालणारी भट्टी, कोळशाची ने-आण आणि धुराडी यांपासून शहराची काही अंशी सुटका झाली. तथापि वाफेचा स्वभावच अडचणीचा होता. तापमान जास्त असल्याने जमिनीत होणारा ऱ्हास मोठा होता. नळात थंड होऊन पाण्यात रूपांतरित झालेली वाफ सतत बाहेर काढावी लागे. ती केंद्राकडे परत आणण्याची सोयही या योजनेत नव्हती.

या मर्यादेचे गांभीर्य १८ जुलै २००७ रोजी पुन्हा प्रत्ययास आले. मॅनहटनमधील लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू व ४१ वा रस्ता यांच्या चौकाजवळ १९२४ मध्ये टाकलेला वाफेचा नळ फुटला. एका व्यक्तीचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले आणि जुन्या वेष्टनातील ॲस्बेस्टॉस परिसरात पसरले. मुसळधार पावसाच्या पाण्याने नळ बाहेरून थंड झाला, आत वेगाने पाणी साचले आणि ते काढून टाकणारे सापळे तुंबलेले होते, असे चौकशीतून पुढे आले. म्हणजे नळाचे जुनेपण हेच एकमेव कारण नव्हते. बाहेरचे व आतले पाणी एकाच वेळी घातक ठरले.

उष्ण पाणी आणि पूर्वआवरित नळ

युरोपात विसाव्या शतकात वाफेची जागा हळूहळू उष्ण पाण्याने घेतली. डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सबर्ग येथे १९०३ मध्ये कचरा जाळून मिळणारी उष्णता रुग्णालयाला पुरविली जाऊ लागली. लेनिनग्राड येथे १९२४ मध्ये उष्णतापुरवठा सुरू झाला, तर रेक्याविक येथे १९३० मध्ये भूगर्भातील उष्ण पाण्यावर पुरवठा सुरू झाला. रेक्याविकमध्ये या पाण्याचा लाभ प्रथम मिळालेल्या इमारतींत एक शाळा व एक रुग्णालय होते.

त्या काळातील अनेक नळ काँक्रीटच्या बंदिस्त मार्गांत, खनिज लोकरीच्या वेष्टनात ठेवले जात. भूजल या मार्गांत शिरले की लोकर भिजे आणि पोलाद बाहेरून गंजे. यामागील कारण आकड्यांतून स्पष्ट होते. उत्तम उष्णतारोधक फेसाच्या तुलनेत पाणी सुमारे वीस पट अधिक उष्णतावाहक आहे. सबब भिजलेले वेष्टन हे वेष्टन राहतच नाही.

यावरचा उपाय १९७० च्या दशकात डेन्मार्क व शेजारच्या देशांत रूढ झाला. आत पोलादी नळ, त्याभोवती पॉलियुरेथेनचा फेस आणि बाहेर पॉलिएथिलीनचे जलरोधक कवच असा एकजीव नळ कारखान्यातच तयार होऊ लागला व थेट चरात वाळूवर ठेवला जाऊ लागला. शंभर मीटर लांबीचा पोलादी नळ तापमान ७० अंशांनी वाढल्यास सुमारे आठ सेंटिमीटर लांबू शकतो. येथे भोवतालच्या मातीचे घर्षण या प्रसरणाला बऱ्याच अंशी आवर घालते. फेसात बसविलेल्या तारांमुळे ओलावा कोठे शिरला, हेही रस्ता न खणता कळू लागले. १९७३ च्या तेलसंकटाने आयात तेलावरील अवलंबित्व उघडे पडल्यावर डेन्मार्कने १९७९ मध्ये उष्णतापुरवठा कायदा केला. आज तेथील सुमारे दोन तृतीयांश घरे सामूहिक पुरवठ्यावर आहेत. कायद्याने दिशा दिली. ती परवडणारी करण्यात या नळाचा वाटा मोठा होता.

अंगणातील भट्टी

हाच प्रश्न उत्तर अमेरिकेच्या ग्रामीण भागात लहान प्रमाणात पुन्हा उद्भवला. १९८० च्या दशकापासून तेथे घराबाहेर लाकडाची भट्टी ठेवून, तीत तापलेले पाणी एका नळाने घरात नेण्याची व दुसऱ्याने परत आणण्याची पद्धत पसरली. चरात पाणी साचू न देणे, सांधे पक्के मिटविणे आणि जलरोधक कवचाचे नळ वापरणे यांवर तिचे यश अवलंबून असते. स्वस्त पर्यायात फुग्यांच्या प्लॅस्टिकचे थर सैल नळीत गुंडाळलेले असतात. नळीत पाणी शिरले की उष्णता मातीतच मुरते. हिवाळ्यात चराच्या रेषेवरील बर्फ वितळलेले दिसते, ती या नुकसानीची खूण होय. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये अशा भट्ट्यांसाठी धुराची मर्यादा घातली. मात्र नळातून वाया गेलेल्या उष्णतेपोटीही जास्त लाकूड जळते आणि त्याचा धूर शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो.

निष्कर्ष

१. भूमिगत उष्णतापुरवठ्याची प्रगती भट्टीच्या सुधारणेइतकीच नळाच्या आवरणावर अवलंबून राहिली आहे.

२. लाकडी आच्छादनापासून फेसाच्या कवचापर्यंतच्या बदलांत पाणी दूर ठेवणे हे समान सूत्र आढळते.

३. चर बुजविल्यानंतर काम दृष्टीआड होते. त्यामुळे त्या वेळी केलेली काटकसर पुढे अनेक वर्षे इंधनाच्या रूपाने फेडावी लागते. शहरात प्रसंगी तिची किंमत जीविताने मोजावी लागते.

सार्वजनिक सुविधांचे मूल्यमापन करताना जे दिसते त्यालाच महत्त्व दिले जाते. जमिनीखालच्या या नळांचा इतिहास त्या दृष्टीची मर्यादा दाखवून देतो.