शिळेतील शैशव

इंदूरहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मानपूर मागे पडले की विंध्याचा उतार लागतो आणि नर्मदेचे खोरे दृष्टीस पडते. येथील काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा आहे. परंतु पश्चिमेस, धार जिल्ह्यातील बाघ व चिराखान या गावांच्या परिसरात, याच पाषाणाच्या थरांखालून एका लुप्त समुद्राचा तळ डोकावतो, याची कल्पना प्रवाशास सहसा नसते.

या समुद्राची ओळख एकोणिसाव्या शतकात पटली. किटिंग या इंग्रज अधिकाऱ्याने बाघच्या चुनखडकांतील जीवाश्म गोळा केले व डंकन यांनी १८६५ साली त्यांपैकी काहींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८६९ साली ब्लॅनफर्ड यांनी व १८८४ साली प्रमथनाथ बोस यांनी या थरांचे सविस्तर विवेचन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी व्रेडेनबर्ग यांनी येथील चक्राकार शंखांचे नामकरण केले; त्या नावांत व्हाइसरॉय मिंटो, शिंदे आणि बोस या तिघांची स्मृती गुंफलेली आहे.

हे शंख अमोनाइटांचे होत. माकूल व अष्टपाद यांचे हे प्राचीन भाऊबंद सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी येथील उथळ पाण्यात वावरत. माकुलाचा मऊ देह मृत्यूनंतर सहसा मागे उरत नाही. अमोनाइटाने मात्र आपले बालपणही शंखात जपले आहे. शंख केंद्राकडून बाहेर वाढत जातो. त्यामुळे जेथे अवशेष उत्तम टिकले आहेत, तेथे अगदी मध्यभागी अंड्यातच घडलेला, बहुधा १ मिलिमीटरच्या आसपासचा, आद्य शंख आढळतो. त्याच्या कडेची आवळलेली खूण म्हणजे जीव अंड्याबाहेर पडल्याची नोंद होय.

एवढा इवला जीव प्रवाहाशी काय झुंजणार? तो पाण्याबरोबर वाहत असावा. आजच्या अरबी समुद्रातील उडत्या माकुलाचे पिलूही जन्मतः सुमारे १ मिलिमीटरचेच असते. कित्येक अष्टपादांची पिलेही प्रथम काही आठवडे तरंगतात व मगच तळ गाठतात. या तरंगत्या अवस्थेस १९८८ साली यंग व हार्मन यांनी ‘पॅरालार्व्हा’ ही संज्ञा सुचविली.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर महासंहार झाला. अमोनाइट नष्ट झाले; त्यांच्यासारखाच शंख वागविणारा नॉटिलस मात्र तगला. नॉटिलसचे पिलू अंड्यातून निघतानाच सुमारे अडीच सेंटिमीटरचे असते. समुद्राच्या वरच्या थरातील अन्नसाखळी कोसळली तेव्हा त्या थरावर विसंबलेली अमोनाइटांची नाजूक पिले उपाशी मरून वंश खुंटला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मेक्सिकोजवळ कोसळलेली उल्का हे त्या संहाराचे प्रमुख कारण मानले जाते. दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मानपूरचा काळा पाषाण त्याच युगसंधीचा साक्षी आहे. आजही उष्ण कटिबंधातील असंख्य माकुलांचा व अष्टपादांचा वंश अशाच इवल्या, तरंगत्या पिलांवर अवलंबून आहे. समुद्राचा वरचा थर तापत असताना, प्रौढ माकुलांच्या विपुलतेवरून त्यांच्या वंशाचे भवितव्य जोखणे पुरेसे नाही, हाच या शिळांचा बोध होय.