महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ, मुंबई

महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ, मुंबई हे केवळ कायद्याच्या शिक्षणास वाहिलेले राज्य विद्यापीठ आहे. महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ अधिनियम, २०१४ अन्वये त्याची स्थापना झाली. याच अधिनियमाने नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील विधि विद्यापीठेही अस्तित्वात आली.

मुंबईत कायद्याच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. येथील शासकीय विधि महाविद्यालय १८५५ सालचे. मात्र ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आणि स्वतःची परीक्षापद्धती असलेले स्वतंत्र विधि विद्यापीठ हा नमुना बंगळूरू येथे १९८८ मध्ये प्रत्यक्षात आला. तो मुंबईत पोहोचण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला.

प्राध्यापक भवानी प्रसाद पांडा हे पहिले कुलगुरू होत. अध्यापन २०१५ मध्ये सुरू झाले. प्रवेश ‘क्लॅट’ या देशव्यापी सामायिक परीक्षेद्वारे होतो. काही जागा महाराष्ट्राच्या अधिवासी विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. वयाने लहान असूनही क्लॅटच्या गुणवत्ता यादीत वरचे क्रमांक मिळवणारे विद्यार्थी जुन्या विधि विद्यापीठांच्या पाठोपाठ या विद्यापीठाची निवड करतात. या पसंतीत शहराचा वाटा मोठा आहे. उच्च न्यायालय, रिझर्व्ह बँक, सेबी आणि मोठ्या विधि संस्था एकाच शहरात असल्याने प्रत्यक्ष कामाचा अनुभव शिकत असतानाच घेता येतो.

हा लौकिक स्वतःच्या संकुलाआधी आला, हे विशेष. वर्ग पवईतील हिरानंदानी गार्डन्स भागात, महानगर टेलिफोन निगमच्या प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीत भरत आले. निवासी विद्यापीठाला मुंबईत पुरेशी जागा मिळणे, हा प्रश्न अभ्यासक्रमापेक्षा अवघड ठरला.