वेम्बली लायन्स : मैदान परके, विजय आपले

वेम्बली म्हटले की फुटबॉल आठवतो. परंतु लंडनच्या या जुन्या एम्पायर स्टेडियमवर फुटबॉलच्या हिरवळीभोवती आखलेल्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या स्पीडवे शर्यतीही होत असत. तेथील यजमान संघ म्हणजे 'वेम्बली लायन्स'.

स्पीडवेत एका वेळी चार स्वार लंबवर्तुळाकार ट्रॅकच्या चार फेऱ्या मारतात. मोटारसायकलला ब्रेक नसतो. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरू देऊन तोल सावरणे, हेच यातले खरे कसब. सांघिक सामन्यात प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार उतरतात. पहिल्यास ३, दुसऱ्यास २ व तिसऱ्यास १ गुण मिळतो.

लायन्सची स्थापना १९२९ मधली. तिचे श्रेय आर्थर एल्विन यांचे. १९२४ च्या साम्राज्य प्रदर्शनात तंबाखूच्या दुकानात नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने प्रदर्शन संपल्यावर तेथील इमारती विकत घेऊन पाडण्याचा धंदा आरंभला आणि पुढे चक्क स्टेडियमच ताब्यात घेतले. फुटबॉलचे मोजके सामने एवढे मोठे मैदान पोसणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून आधी ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती आल्या आणि मग स्पीडवे.

१९३६ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेम्बलीवरच रंगली. ती जिंकणारा ऑस्ट्रेलियन लायोनेल व्हॅन प्राग लायन्सचाच स्वार होता. महायुद्धानंतरचा काळ मात्र निव्वळ सुवर्णाचा. १९४६ ते १९५३ या आठ हंगामांत राष्ट्रीय लीगचे विजेतेपद संघाने सात वेळा पटकावले. हुकले ते केवळ १९४८ मध्ये, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या वर्षी. टॉमी प्राइस १९४९ मध्ये जगज्जेता ठरणारा पहिला इंग्लिश स्वार झाला, तर वेल्सच्या फ्रेडी विल्यम्सने १९५० आणि १९५३ मध्ये तो मान मिळवला.

पुढे दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली, करमणूक कराचा बोजाही होताच. प्रेक्षक रोडावले आणि अनेक संघ बुडाले. लायन्स तगला, कारण एल्विन पाठीशी होते. फेब्रुवारी १९५७ मध्ये समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले आणि नवा हंगाम सुरू होण्यापूर्वीच संघ मोडीत निघाला. एका माणसाच्या हौसेवर उभी असलेली संस्था इतक्या झटपट कोसळावी, हे विलक्षणच.

१९७० मध्ये ट्रेव्हर रेडमंड आणि बर्नार्ड कॉट्रेल यांनी संघ पुन्हा उभा केला. तो दोनच हंगाम टिकला. फुटबॉल व इतर कार्यक्रमांमुळे स्टेडियमकडून पुरेशा तारखा मिळेनात, आणि भाडेकरूला वाद घालायला जागा नव्हती. १९७१ नंतर लायन्सचे नाव लीगमधून पुसले गेले.

जागतिक अंतिम फेऱ्या मात्र अधूनमधून तेथे होत राहिल्या. वेम्बलीवरची अखेरची फेरी १९८१ मध्ये अमेरिकेच्या ब्रूस पेनहॉलने जिंकली, तेव्हा यजमान संघ बंद होऊन दहा वर्षे लोटली होती.