जँगो फॉर्म : सीएसएस मांडणी

जँगो या पायथनमधील वेब-फ्रेमवर्कने आपोआप तयार केलेल्या फॉर्मना सीएसएसने रूप देण्याचे तंत्र. प्रोग्रामर रकाने पायथनमध्ये घोषित करतो आणि एचटीएमएल फ्रेमवर्क लिहिते. त्यामुळे मांडणी करणाऱ्याच्या हाती मार्कअप नसतो. फ्रेमवर्कने सोडलेल्या खुंट्यांवरच शैली टांगावी लागते.

इतिहास : अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्रासाठी घडलेले जँगो २००५ मध्ये खुले झाले. आवृत्ती १.११ (२०१७) पासून इनपुट, सिलेक्ट इत्यादी विजेट टेम्प्लेटांतून उतरू लागली. फॉर्मच्या मांडणीचे आरंभीचे साचे तीन : तक्ता, यादी, परिच्छेद. ४.१ (२०२२) मध्ये डिव्हचा साचा आला आणि ५.० (२०२३) पासून तोच मूळ साचा ठरला.

खुंट्या : प्रत्येक इनपुटला ‘आयडी_’ने सुरू होणारा आयडी मिळतो. इनपुटच्या प्रकारावरूनही सिलेक्टर लिहिता येतो. रकान्याभोवतीच्या टॅगला मात्र आपणहून क्लास लागत नाही. आवश्यक आणि चुकलेल्या रकान्यांसाठी दोन क्लास फॉर्ममध्येच नेमून द्यावे लागतात. ही सोय बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

त्रुटिसंदेश : मांडणीची खरी कसोटी येथे लागते. संदेश ‘एररलिस्ट’ क्लासच्या यादीत येतात. एचटीएमएलच्या नियमानुसार परिच्छेदात यादी बसत नाही, म्हणून परिच्छेदाच्या साच्यात ती रकान्याच्या बाहेर, त्याच्या आधी पडते. अशा वेळी ‘एररलिस्ट’नंतर लगेच येणारा परिच्छेद शेजार-सिलेक्टरने पकडून त्याच्या इनपुटला लाल कड देतात. डिव्हच्या साच्यात लेबल, मदतीचा मजकूर, त्रुटी आणि इनपुट हे सारे एकाच डिव्हमध्ये याच क्रमाने असते. संदेश इनपुटखाली हवा असल्यास डिव्हला ग्रिड किंवा फ्लेक्स करून ‘ऑर्डर’ बदलतात. त्रुटी असलेला डिव्ह ‘हॅज’ सिलेक्टरनेही गाठता येतो. फायरफॉक्समध्ये तो डिसेंबर २०२३ मध्ये आला. जँगो ५.० पासून चुकलेल्या इनपुटला ‘एरिया-इनव्हॅलिड’ हा गुणधर्म लागतो. तो स्क्रीनरीडरसाठी असला तरी शैलीसाठी त्याहून सुटसुटीत खुंटी नाही.

लेबल : लेबलापुढे अपूर्णविराम आपोआप लागतो. देवनागरीत तो विसर्गासारखा दिसतो (नाव:, पत्ता:). तो लेबलाच्या मजकुराचाच भाग असल्याने सीएसएसने नुसता तेवढा काढता येत नाही. फॉर्ममधील लेबल-सफिक्स रिकामा ठेवावा लागतो.

विजेट : तारखेचा रकाना मुळात साधा मजकूर-इनपुट असतो. प्रकार बदलून ब्राउझरचे कॅलेंडर आणता येते. त्या कॅलेंडरवर सीएसएसचे फारसे चालत नाही.

जोड-पॅकेजे : जँगो-क्रिस्पी-फॉर्म्स, जँगो-विजेट-ट्वीक्स. सीएसएसचे क्लास पायथन कोडमध्ये लिहावेत की टेम्प्लेटमध्ये, याविषयी मतभेद आहेत.

ॲडमिन : जँगोसोबत येणाऱ्या या व्यवस्थापन-पानांची शैली-फाइल स्वतंत्र.